थिक गेला की थिन? क्यूच्या खेळांतल्या नेमाचा आढावा

शेफिल्डचं क्रूसिबल थिएटर, एप्रिल १९८५ चा शेवटचा रविवार, आणि घड्याळात रात्रीचे बारा वाजून गेलेले. जागतिक स्नूकर स्पर्धेचा अंतिम सामना १७-१७ वर अडकलेला. पस्तिसाव्या फ्रेममध्ये टेबलावर फक्त काळा बॉल उरलेला. काळा जो घालेल तो विश्वविजेता. ब्रिटनमध्ये १ कोटी ८५ लाख माणसं झोप सोडून टीव्हीपुढे बसली होती. स्टीव्ह डेव्हिसला एक थिन कट मिळाला. अवघड खराच, पण त्या दशकात डेव्हिसइतका भरवशाचा खेळाडू दुसरा नव्हता. तो वाकला, त्याने मारलं, आणि काळा गरजेपेक्षा जास्त कापला गेला. पुढच्या शॉटला डेनिस टेलरने तो घातला आणि क्यू दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून धरला.

बिलियर्ड्सच्या खोलीत कुणाचाही पॉट हुकला की दोनच शेरे ऐकू येतात : ‘थिक गेला’ किंवा ‘थिन गेला’. बॉलला जास्त भरून लागलं तर थिक, कडेला ओझरतं लागलं तर थिन. शेरा मारणाऱ्याला वाटतं, निदान झालं. खरं तर त्याने फक्त ताप मोजलेला असतो, रोग सांगितलेला नसतो. चूक पाहण्यात होती, उभं राहण्यात होती, की हात फिरवण्यात, हे त्या दोन शब्दांत येत नाही. खेळाडूला दिसणारी रेषा आणि बॉल प्रत्यक्ष जातो ती रेषा, या दोन वेगळ्या असतात. त्या का वेगळ्या असतात आणि जवळ कशा आणायच्या, यावर या खेळात जितकी भांडणं झाली तितकी पैजांच्या पैशांवरूनही झाली नसतील.

रायफलीशी तुलना केली की ही अडचण लख्ख दिसते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारा कोल्हापूरचा स्वप्नील कुसाळे नेम धरतो तेव्हा मागचं साइट, पुढचं साइट आणि लक्ष्य एका ओळीत येतात, आणि त्याचा डोळाही त्याच ओळीच्या टोकाला असतो. क्यूच्या खेळात यातलं काहीच नाही. सरळ शॉट सोडला तर ज्या पॉकेटात बॉल घालायचा ते नेमाच्या रेषेवर नसतंच. पांढरा, म्हणजे क्यूने मारायचा क्यू बॉल, जिथे पोचवायचा ती जागा रिकामी असते, तिथे पाहण्यासारखं काही नसतं. डोळे क्यूच्या मागे नसतात, वर असतात, शिवाय ते दोन असतात आणि दोघांचं मत दर वेळी जुळतं असं नाही.

चुकीला वाव किती, त्याचा ढोबळ हिशेब करून पाहू. नऊ फुटी पूल टेबलावर बॉलचा व्यास ५७.१५ मिमी आणि कोपऱ्यातल्या पॉकेटचं तोंड साधारण ११५ मिमी. ऑब्जेक्ट बॉल, म्हणजे पॉकेटात घालायचा बॉल, पॉकेटपासून एक मीटरवर असेल तर त्याला दोन्ही बाजूंना सुमारे २९ मिमी मोकळीक मिळते. ऐकायला चांगली वाटते. पण सरळ शॉटमध्येसुद्धा ती मोकळीक मिळायची तर क्यू बॉल ठरल्या जागेच्या पावणेदोन मिलिमीटरच्या आत पोचावा लागतो. स्नूकरमध्ये बॉल ५२.५ मिमीचा, पॉकेट साडेतीन इंचांच्या आसपास, म्हणजे तोच वाव एका मिलिमीटरवर येतो, आणि टेबल बारा फुटी. दुसऱ्या बाजूने पाहा. ऑब्जेक्ट बॉल एक मीटर दूर असताना क्यूची दिशा अंशाच्या दहाव्या भागाने हलली, तर ऑब्जेक्ट बॉलची दिशा जवळजवळ पावणेदोन अंशांनी हलते. चूक सतरा-अठरा पट मोठी होते. साठ अंशांचा कट असेल तर त्याच्याही दुप्पट. डेव्हिसचा तो काळा याच हिशेबात सापडला होता.

नवख्याला पहिल्या दिवशी शिकवतात ती युक्ती म्हणजे भुताचा बॉल, घोस्ट बॉल. ऑब्जेक्ट बॉलला पॉकेटच्या बरोबर उलट बाजूने चिकटून एक अदृश्य बॉल बसलाय असं समजायचं आणि पांढरा त्याच्या जागी नेऊन ठेवायचा. भूमितीत याला तोड नाही. शिकणाऱ्याची पंचाईत अशी की भूत दिसत नाही, म्हणून तो दिसणाऱ्या गोष्टीवर नेम धरतो. पॉकेटच्या उलट बाजूला ऑब्जेक्ट बॉलवर जो बिंदू असतो, जिथे टक्कर व्हायची असते, त्यावरच पांढऱ्याचं मध्य रोखतो. टक्कर मात्र पांढऱ्याच्या मध्याने होत नाही, त्याच्या कडेने आधीच होऊन जाते. तीस अंशांचा कट हवा असताना अशा नेमाने मिळतात जेमतेम साडेचौदा अंश. नवख्यांचे बहुतेक पॉट थिक का जातात, याचं निम्मं उत्तर इथे आहे. उरलेलं निम्मं हे की पांढऱ्याने बॉलच्या बाहेर, रिकाम्या जागेकडे जायचं ही गोष्ट मनाला पटत नाही. हात शेवटच्या क्षणी भरीव वस्तूकडे ओढला जातो.

आपल्याकडे प्रत्येक चाळीत आणि गणेश मंडळाच्या मांडवात ज्यांचा नेम तयार होतो ते कॅरमवाले पूलवर आले की त्यांना वाटतं, हे तर आपलंच. नजर त्यांची खरंच तयार असते. फक्त एक फरक त्यांना काही दिवस छळतो. कॅरममध्ये स्ट्रायकर सोंगटीपेक्षा मोठा, ४.१३ सेंमीपर्यंत, आणि सोंगटी फार तर ३.१८ सेंमी. स्ट्रायकरचं मध्य सोंगटीच्या कडेवर रोखलं तर सोंगटी पंचवीस-सव्वीस अंशांनी कापली जाते. दोन्ही बॉल सारखे असले की तोच नेम तीस अंश देतो. चार-पाच अंशांचा हा फरक बोटांत मुरलेला असतो, तो डोक्याने काढता येत नाही. त्यात स्ट्रायकर घसरतो, बॉल लोळतो. लोळण्याचं महत्त्व पुढे येईलच.

भुतावर विश्वास नसलेल्यांनी अपूर्णांक धरले. समोरचा बॉल पांढऱ्याने किती झाकला जातोय, एवढंच पाहायचं : पूर्ण, पाऊण, अर्धा, पाव. प्रत्येकाचा कोन ठरलेला आहे. पाऊण बॉलला ऑब्जेक्ट बॉल साडेचौदा अंशांनी जातो, अर्ध्याला तीस, पावला साधारण साडेअठ्ठेचाळीस. यातला अर्धा बॉल, हाफ-बॉल, हे या सगळ्या विषयातलं सगळ्यात देखणं प्रकरण आहे आणि त्याचा भारताशी जवळचा संबंध आहे. म्हणून इथे थोडं थांबू.

हाफ-बॉलचा पहिला गुण असा की तो दिसतो. पांढऱ्याचं मध्य थेट ऑब्जेक्ट बॉलच्या कडेवर रोखायचं असतं, आणि कड ही खरीखुरी, डोळ्याला दिसणारी जागा आहे. पाऊण किंवा पाव मनाने मोजावा लागतो, अर्धा मोजावा लागत नाही. दुसरा गुण आणखी मोठा. लोळत आलेला क्यू बॉल टक्कर झाल्यावर किती वळतो याचं गणित केलं, तर पाऊण बॉलला तो साडेसत्तावीस अंशांच्या आसपास वळतो, अर्ध्याला सुमारे ३४, आणि पावला परत सत्तावीसवर येतो. म्हणजे वळण वाढत वाढत हाफ-बॉलपाशी शिखरावर पोचतं आणि मग उतरतं. शिखरावर दोन पावलं इकडे-तिकडे टाकली तरी उंची फारशी बदलत नाही. तसंच इथे नेम थोडा थिक किंवा थिन झाला तरी पांढऱ्याची वाट जवळजवळ तीच राहते. पॉटिंगमध्ये ज्या चुकीची शिक्षा सतरा पट होते, तीच चूक इथे माफ होते. मात्र एक अट आहे : बॉल लोळत आलेला हवा. घसरत आला तर तो टकरीनंतर ऑब्जेक्ट बॉलच्या वाटेशी काटकोन करून जातो आणि सगळं गणित बदलतं.

इंग्लिश बिलियर्ड्स नावाचा, तीन बॉलांचा, बाहेरच्याला संथ आणि कंटाळवाणा वाटणारा खेळ या शिखरावर उभा आहे. त्यात ऑब्जेक्ट बॉलला लागून आपलाच बॉल पॉकेटात गेला तर तो दोष नव्हे, गुण मिळतात. लालवरून इन-ऑफ केला तर तीन, दुसऱ्या खेळाडूच्या बॉलवरून केला तर दोन. इन-ऑफ हाफ-बॉलने खेळायचा असेल तर नेम धरायला कड आणि चुकायला भरपूर जागा, असा दुहेरी आधार मिळतो. या खेळातले जाणकार प्रत्येक स्थिती हाफ-बॉलच्या मापाने वाचतात : कोन हाफ-बॉलचा आहे, त्याहून रुंद आहे की अरुंद. रुंद असेल तर साइड, म्हणजे बाजूची फिरकी, द्यायची; अरुंद असेल तर थिक मारायचं किंवा वेग बदलायचा. बाकीचे सगळे शॉट या एका शॉटचे नातेवाईक म्हणून ओळखले जातात.

याच खेळात पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ मध्ये कलकत्त्यात आणि पुन्हा १९६४ मध्ये जागतिक हौशी अजिंक्यपद मिळवलं. कोणत्याही खेळातला भारताचा हा पहिला वैयक्तिक विश्वविजेता, आणि त्यांचं नाव आज किती मराठी घरांत माहीत आहे, हा प्रश्न विचारायचीही सोय नाही. मुंबईच्या मायकेल फरेरांनी १९७७, १९८१ आणि १९८३ मध्ये तोच किताब घेतला. गीत सेठींनी १९९२ मध्ये व्यावसायिक जागतिक स्पर्धेत १,२७६ चा ब्रेक केला. पुण्यातच जन्मलेला पंकज अडवाणी बिलियर्ड्स आणि स्नूकर या दोन्ही खेळांत जगज्जेता झाला. सेठींसारखे एवढे गुण एकाच बैठकीत करायचे तर नेम नुसता अचूक असून भागत नाही. जिथे नेमाची थोडी चूक चालते अशाच जागी बॉल पुन्हा पुन्हा आणून ठेवावे लागतात. माझ्या मते बिलियर्ड्सवाल्यांची खरी हुशारी हीच आहे. स्नूकरवाला अवघड पॉट घालून टाळ्या घेतो, बिलियर्ड्सवाला अवघड पॉट समोर येऊच देत नाही.

आता भूमिती कुठे दगा देते ते पाहू. भुताचा बॉल आणि अपूर्णांक दोघंही असं धरून चालतात की बॉल एकमेकांना लागतात आणि सुटतात, घासत नाहीत. प्रत्यक्षात ते घासतात. कट शॉटमध्ये पांढरा ऑब्जेक्ट बॉलला क्षणभर आपल्या दिशेने ओढतो, त्यामुळे ऑब्जेक्ट बॉल भूमितीने सांगितलेल्या रेषेपेक्षा थोडा थिक जातो. याला थ्रो म्हणतात. हाफ-बॉलच्या आसपास, हळू आणि घसरत्या शॉटला तो सगळ्यात जास्त असतो, चार-पाच अंशांपर्यंत. जोरात मारलं किंवा बॉल लोळत असला की कमी. एक मीटरवर तीन अंश म्हणजे पाच सेंटिमीटर, म्हणजे पूल टेबलावरसुद्धा पॉट गेला. भुताच्या जागी पांढरा अगदी तंतोतंत नेऊन ठेवणारा खेळाडू हळू शॉट सातत्याने चुकेल. अनुभवी माणूस चुकत नाही, कारण तो नकळत थोडा थिन मारायला शिकलेला असतो. विचारलं तर तो ‘मी भूतच बघतो’ असं प्रामाणिकपणे सांगतो. खेळाडूंनी स्वतःच्या नेमाबद्दल सांगितलेली वर्णनं म्हणूनच जपून घ्यावी लागतात.

बॉल मळका असेल, टकरीच्या नेमक्या जागी खडू चिकटलेला असेल, तर थ्रो एकदम वाढतो. स्नूकरमध्ये याला किक म्हणतात, आणि दूरदर्शनवर खेळाडू पंचाला बोलावून बॉल पुसून घेताना दिसतात ते यासाठी. फिनलंडच्या ताओम खडूने अलीकडे व्यावसायिकांत घर केलं त्यामागेही किक कमी होण्याचीच आशा आहे. मोठ्या स्पर्धांत टेबल खालून गरम ठेवतात. आपल्याकडे पावसाळ्यात कापड ओल धरतं आणि बॉल जड चालतो. जुलैत आपला नेम बिघडला असं वाटणाऱ्याने आधी बॉल पुसून पाहावेत.

साइडने सगळा घोळ दुप्पट होतो. पांढऱ्याला मध्याच्या उजवीकडे मारलं की तो क्यूच्या रेषेवर जात नाही, किंचित डावीकडे सटकतो. मग फिरकीमुळे कापडावर थोडा उजवीकडे वळतो. वर ऑब्जेक्ट बॉलला लागल्यावर फिरकी त्यालाही ओढते. तीन चुका, तीन दिशांनी, आणि तिन्ही वेगावर, अंतरावर आणि क्यूच्या उतारावर अवलंबून. हे सगळं शक्य झालं ते क्यूच्या टोकावरच्या चामड्याच्या टिपमुळे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्स्वा मिंगो या फ्रेंच कॅप्टनने ती तुरुंगात असताना बसवली असं सांगतात. फिरकीचं गणित १८३५ मध्ये गास्पार कोरिओलिसने पुस्तकभर लिहून काढलं. हा तोच कोरिओलिस, ज्याच्या नावाचं बल शाळेच्या भूगोलात वाऱ्यांच्या धड्यात भेटतं. टकरीनंतर क्यू बॉलची वाट काही काळ वक्र असते आणि ती वक्रता पॅराबोलाची असते, हे त्याने दाखवलं.

सटकण्यावर दोन उपाय निघाले. पहिला काठीत : शाफ्टचं टोक हलकं केलं की बॉल कमी सटकतो, आणि १९९० च्या दशकापासून असे शाफ्ट विकून काही कंपन्यांनी भरपूर पैसा केला. दुसरा हातात : आधी मध्यावर नेम धरायचा, मग ब्रिजचा, म्हणजे क्यूला पुढे टेकू देणारा, हात न हलवता मागचा हात बाजूला नेऊन साइडसाठी टिप वळवायची. क्यू तिरका झाल्याने जेवढी दिशा बदलते तेवढीच सटकण्याने परत येते. मात्र ब्रिजचं अंतर त्या विशिष्ट शाफ्टला जुळणारं हवं. मित्राचा क्यू उसना घेऊन ही युक्ती करू नये. स्वानुभव आहे.

अमेरिकेत पूलच्या पैजांच्या वातावरणात नेमाच्या ‘सिस्टिम’ निघाल्या. टेबलाच्या कडेवरच्या ठिपक्यांवरून आकडे घेऊन भागाकार करत अपूर्णांक काढणाऱ्या आहेत. टकरीचे दोन्ही बिंदू समांतर रेषांनी जोडणाऱ्या आहेत. आणि सगळ्यात वादग्रस्त, मध्य-ते-कड ही हॅल हूल यांनी पसरवलेली आणि पुढे स्टॅन शफेट यांनी तपशिलात मांडलेली. त्यात पांढऱ्याचं मध्य ऑब्जेक्ट बॉलच्या कडेला, आणि पांढऱ्याची कड ऑब्जेक्ट बॉलवरच्या दुसऱ्या एका ठरावीक जागेला, अशा दोन रेषा एकाच वेळी पाहायच्या. मग बाजूने थोडं फिरत क्यू खाली आणायचा. समर्थक म्हणतात, यात अंदाज नाही, डोळ्याला दिसणाऱ्या जागा आहेत. टीकाकार म्हणतात, हे गणितात बसत नाही.

टीकाकारांच्या बाजूने एक साधा हिशेब देता येतो. पूल टेबलावर एक मीटरच्या पॉटला सुमारे ३.३ अंशांची मोकळीक मिळते. शून्यापासून सत्तर अंशांपर्यंतचे सगळे कट घालायचे तर निदान एकवीस वेगळे नेम लागतात. अंतर दोन मीटर झालं तर बेचाळीस. ज्या पद्धतीत मोजून पाच-सहा खुणा आहेत ती उरलेले नेम कुठून आणते? त्या खेळाडूच्या शरीरातून येतात. खुणेवर उभा राहून तो नकळत किंचित इकडे-तिकडे सरकतो, आणि नकळत सरकतो म्हणूनच सरकल्याचं नाकारतो. कोलोराडो स्टेट विद्यापीठात यांत्रिकी शिकवलेले डेव्हिड अल्सिएटोरी या वादात हाच मुद्दा लावून धरत आले आहेत.

तरीही मी या सिस्टिम टाकाऊ मानत नाही. त्या नेम शिकवत नाहीत, पण उभं राहायला शिकवतात. मध्य-ते-कड करणाऱ्याला दर शॉटला एकाच जागी उभं राहावं लागतं, त्याच क्रमाने दोन ठिकाणी पाहावं लागतं आणि त्याच वाटेने खाली यावं लागतं. ज्या माणसाने आयुष्यभर टेबलावर झोपल्यावर नेम शोधला आहे, त्याच्यासाठी ही क्रांती असते. तो सुधारतो आणि श्रेय गणिताला देतो. देऊ दे.

कुशनवरचा नेम हा वेगळा प्रांत आहे. थ्री-कुशनमध्ये पॉकेटच नसतात, आणि तिथे कडेवरच्या ठिपक्यांचे आकडे वजा करून कुठे मारायचं ते काढतात. ते आकडे खरोखर उपयोगी आहेत, कारण तिथली चूक मिलिमीटरची नसते, बॉलच्या रुंदीची असते, आणि शॉट एवढा लांब असतो की नुसत्या नजरेला आधार लागतोच.

आता पुन्हा डोळ्यांकडे. पंधरा वेळा जागतिक स्नूकर जिंकलेल्या जो डेव्हिसला उजव्या डोळ्याने जवळजवळ दिसत नव्हतं. तो उजव्या हाताने खेळायचा, पण क्यू डाव्या डोळ्याखालून न्यायचा. नंतरच्या पिढ्यांनी त्याची पुस्तकं पाठ केली. स्टीव्ह डेव्हिस आणि त्याचे वडीलही त्यातलेच. हनुवटीच्या बरोबर मध्याखाली क्यू, ही आदर्श मुद्रा शिकवताना कितीतरी शिक्षकांना आठवलं नाही की ज्याच्या पुस्तकावर सगळे वाढले तो स्वतः तसा उभाच राहू शकत नव्हता. प्रत्येकाच्या चेहऱ्याखाली एक जागा असते जिथून सरळ रेषा सरळ दिसते. कुणाची ती उजव्या डोळ्याखाली, कुणाची डाव्या, बहुतेकांची मधे कुठेतरी. त्या जागेवरून अर्धा इंच सरकलं की सरळ शॉटसुद्धा वाकडा दिसतो, आणि खेळाडू तो दिसतो तसा ‘दुरुस्त’ करून चुकतो. ‘तुझा बळकट डोळा कोणता?’ हा लोकप्रिय प्रश्न त्यामानाने अपुरा आहे. बळकट डोळा उजवा असलेल्याची सरळ रेषा नाकाखाली असू शकते. ती शोधायचा उपाय एकच : सरळ शॉट लावायचा, डोकं थोडं थोडं हलवत पाहायचं, आणि कुठे मारल्यावर बॉल खरोखर सरळ जातो ते लिहून ठेवायचं.

डेनिस टेलरचा तो प्रसिद्ध, उलटा बसवल्यासारखा दिसणारा चष्मा याच प्रश्नाचं उत्तर होता. वाकल्यावर माणूस चष्म्याच्या वरच्या भागातून पाहतो, आणि नेहमीच्या चष्म्यात तिथे फ्रेम येते किंवा भिंगाची कड. जॅक कार्नहॅमने टेलरसाठी भिंगं मोठी आणि वर चढवलेली बनवली, म्हणजे वाकल्यावरही नजर भिंगातून जावी. तेव्हा लोक त्यावर हसले होते. चष्मा लावून खेळणाऱ्या, पन्नाशीच्या पुढच्या वाचकांनी हसू नये. दूरचं-जवळचं एकाच भिंगात असेल तर पांढरा आणि ऑब्जेक्ट बॉल चष्म्याच्या दोन वेगळ्या पट्ट्यांत येतात, आणि नेम कुठला धरायचा ते डोळ्यांनाच कळत नाही.

शेवटच्या क्षणी कुठे पाहायचं, पांढऱ्याकडे की ऑब्जेक्ट बॉलकडे? स्नूकरमधलं सर्वसाधारण मत ऑब्जेक्ट बॉलच्या बाजूचं आहे, ब्रेकच्या किंवा उडीच्या शॉटला पांढऱ्याच्या. यावर थोडा अभ्यासही झाला. कॅलगरी विद्यापीठाच्या जोन विकर्स यांनी बास्केटबॉलच्या फ्री थ्रोमध्ये ‘शांत नजर’ ही गोष्ट मांडली : हालचाल सुरू होण्याआधी नजर एका जागी किती वेळ स्थिर राहते. विल्यम्स, सिंगर आणि फ्रेलिक यांनी २००२ मध्ये हीच गोष्ट बिलियर्ड्सच्या टेबलावर मोजली. कुशल खेळाडूंची नजर जास्त वेळ स्थिर राहत होती, आणि शॉट जितका अवघड तितका तो वेळ वाढत होता. कुठे पाहायचं यावर भांडणाऱ्यांनी किती वेळ पाहायचं हे विसरू नये. टीव्हीवर चांगला खेळाडू क्यू मागे नेल्यावर क्षणभर थांबतो. तो थांबा दिखाऊ वाटतो. नजर त्याच क्षणात बसते.

आणि तरीही डोळे सगळं करत नाहीत. उभं असताना नेमाची रेषा सगळ्यात चांगली दिसते, कारण वरून पॉकेट आणि बॉल एकत्र दिसतात. म्हणून बहुतेक चांगले खेळाडू उभ्यानेच रेषा ठरवतात, उजवा पाय त्या रेषेवर ठेवतात आणि रेषेतूनच खाली उतरतात. वाकल्यावर नेम बदलावासा वाटला तर पुन्हा उभं राहावं, हा नियम शिकवायला सोपा आणि पाळायला फार अवघड आहे. माझ्या पाहण्यात दहापैकी आठ हौशी खेळाडू वाकल्यावर खांदा हलवून ‘जरा’ दुरुस्ती करतात. मग हाताला सरळ जायला जागाच उरत नाही.

नेम चुकला की हात चुकला, हे वेगळं करायला एक जुनी परीक्षा आहे. ऑब्जेक्ट बॉल लागतच नाही. स्नूकर टेबलावर पांढरा तपकिरीच्या स्पॉटवर ठेवायचा आणि निळ्या, गुलाबी आणि काळ्याच्या स्पॉटवरून समोरच्या कुशनवर असा मारायचा की तो त्याच रेषेने परत येऊन टिपला लागावा. इथे कट नाही, भूत नाही, अपूर्णांक नाही. परत येताना बॉल एका बाजूला गेला तर मध्याऐवजी किंचित बाजूला मार बसला, म्हणजे हात दोषी. बॉल टिपला परत येतो पण तुम्ही पॉट चुकता, तर नजर दोषी. क्लबात वीस वर्षं खेळलेल्या माणसांना ही परीक्षा द्यायला सांगून पाहा. पहिल्या पाच प्रयत्नांत बहुतेकांना कळतं की इतकी वर्षं ते ज्याला थिन म्हणत होते ते थिन नव्हतं.

या सगळ्या निष्कर्षांना न जुमानणारा एक माणूस मात्र आहे. रॉनी ओ’सुलिव्हन उजव्या हाताचा खेळाडू, आणि १९९६ च्या जागतिक स्पर्धेत कॅनडाच्या अॅलन रोबिडूविरुद्ध तो मधेच डाव्या हाताने खेळू लागला. रोबिडूला तो अपमान वाटला. तेव्हापासून आजवर ओ’सुलिव्हनने डाव्या हाताने कितीतरी बॉल घातलेत, तेही फ्रेम अडकलेली असताना. हात बदलला की क्यू चेहऱ्याच्या दुसऱ्या बाजूला जातो, पाय बदलतात, खांदा बदलतो, सरळ दिसणारी जागाही बदलायला हवी. टीव्हीवर त्याचा डाव्या हाताचा शॉट लागला की मी तो थांबवून, मागे घेऊन, फक्त हनुवटीकडे बघतो. क्यू दोन्ही वेळा एकाच जागेखालून जातो का, ते अजून मला ठरवता आलेलं नाही.